उष्टं, ताप आणि एम.एस.

एम.एस. म्हटलं की आमच्या जुन्नर-आंबेगावकडे लोकांना डॉक्टरच्या पाटीवरची पदवी आठवते. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने घोडेगावच्या एका नातलगाला फोनवर सांगितलं की पोरीला एम.एस. आहे. फोनची रेंज अर्धवट. पलीकडून उत्तर आलं, "अरे वा, कधी झाली? पेढे कुठायत?" भाऊ फोन ठेवून नुसता बसून राहिला. हसावं की रडावं ते आम्हाला कुणालाच कळेना.

तर हा एम.एस. म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. भाचीला विचारूनच लिहिते आहे. तिच्या दोन अटी आहेत : नाव घालायचं नाही, आणि ‘बिच्चारी’ हा शब्द वापरायचा नाही. दोन्ही कबूल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदराने कुरतडली की काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तांब्याची तार शाबूत असते, पण वरचं आवरण गेल्यामुळे मोटार कधी चालते, कधी गचके खाते, कधी बंद. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर असंच एक आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. या आजारात ते जागोजागी खराब होतं, आणि कुरतडणारा उंदीर बाहेरचा नसतो. आपल्याच शरीराचं सैन्य, रोगाशी लढणाऱ्या पेशी, चुकून त्यावर तुटून पडतात. डाग डोळ्याच्या नसेवर पडला तर दिसायला अंधूक, मणक्यात पडला तर पाय जड. बहुतेकांना हा विशी ते चाळिशीच्या मध्ये गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. भाचीचा आधी उजवा डोळा दुखला आणि रंग फिके दिसू लागले. एका डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. पाच महिन्यांनी कमरेखाली मुंग्या आल्या, मग पुण्याला नेलं, एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, तेव्हा नाव कळलं.

आता मूळ मुद्दा. मध्यंतरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर पुढे ढकलला. त्यात तीन वाक्यं होती. एम.एस. एका विषाणूमुळे होतो. तो विषाणू थुंकीतून पसरतो. त्यामुळे धोका ३२ पट वाढतो. खाली लाल रंगाची तीन उद्गारचिन्हं.

तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, हीच पंचाईत. अगदी खोटं असतं तर सोडून देता आलं असतं. परिणाम असा झाला की भाचीने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला ताटात घेणं बंद केलं. त्याला घास भरवायचा तर वेगळा चमचा, त्याचा पापा घ्यायचा नाही, त्याने अर्धा खाल्लेला पेरू तिने खायचा नाही. मुलाला कारण कोण सांगणार? तो आपला आईपुढे ‘आ’ करून उभा राहायचा. आणि तिची आई, म्हणजे माझी भावजय, तिच्या डोक्यात वेगळंच. एका दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, ही लहान असताना मी हिला चावून चावून घास भरवलेत. माझ्या उष्ट्यानंच झालं असंल का हो?"

मी मराठीची बी.ए. शाळेत पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. वैद्यक हा काही माझा प्रांत नाही. पण भाचीच्या डॉक्टरांना प्रश्न लिहून पाठवले, जावयाने छापून आणलेले कागद शब्दकोश घेऊन वाचले, आणि जे समजलं ते इथे मांडते आहे. इतिहासाच्या मास्तरणीला एक खोड असतेच, ‘कारणे लिहा’ची. १८५७ च्या उठावाची कारणे लिहा म्हटलं की काही मुलं एका ओळीत ‘काडतुसांमुळे उठाव झाला’ असं लिहून मोकळी होत. त्याला मी पाचपैकी एक गुण देत असे. व्हॉट्सॲपच्या मजकुराला मी एकच देईन.

या आजारामागे एखादा संसर्ग असावा ही शंका आजची नाही. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं आणि त्यांचेच शिष्य पिएर मारी यांनी १८८४ मध्ये म्हटलं की हे एखाद्या संसर्गाचं काम दिसतंय. त्यानंतर शंभर वर्षं किती जणांवर संशय घेतला गेला! गोवर, गालगुंड, कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर. फेरो बेटांची हकीगत तर मला कादंबरीसारखी वाटली. अटलांटिकमधली ही छोटी बेटं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, तिथे ब्रिटिश सैन्य उतरलं. कर्टझके नावाच्या अमेरिकन मज्जातज्ज्ञांनी नंतर मांडलं की १९४३ च्या आधी तिथल्या रहिवाशांत हा आजार नव्हता, सैनिक आले आणि मग तो दिसू लागला. सगळ्यांना ते पटलं नाही. आधी तपासणारे डॉक्टरच कमी होते, असं म्हणणारेही निघाले.

पण फेरोला कशाला जायचं? विषाणू आणि मज्जासंस्था यांचं नातं आपल्या मुंबई-पुण्याने पाहिलेलं आहे. माझ्या वयाच्या वाचकांना १९७१ ची डोळ्यांची साथ आठवत असेल. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. डोळे लाल, नुसते लाल नाही तर रक्त साकळल्यासारखे, सुजलेले, पाणी गळतंय. बांगलादेशचं युद्ध चालू होतं म्हणून लोकांनी साथीलाच ‘जय बांगला’ म्हणायला सुरुवात केली. आठवड्याभरात सगळे बरे झाले. म्हणजे जवळजवळ सगळे. मुंबईला डॉ. नोशीर वाडिया यांच्या लक्षात आलं की डोळे येऊन गेल्यावर काही दिवसांनी थोड्या लोकांचे पाय लुळे पडताहेत, पोलिओसारखे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते छापलं. साथीमागचा विषाणू पोलिओच्याच जातकुळीतला निघाला.

तो एम.एस. नव्हता, हे आधीच सांगते. तिथे विषाणूने थेट मणक्यावर घाला घातला होता. मी ही हकीगत सांगते आहे ती दुसऱ्याच कारणासाठी. डोळे लाखोंचे आले आणि पाय मूठभरांचे गेले. त्या मूठभरांनी काय वेगळं केलं होतं? काहीच नाही. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे डोळे आले, माझे आले, वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंचे आले, आणि आम्ही सगळ्या आठवड्याने पुन्हा वर्गात होतो.

दुसरी आठवण पोटातल्या चौदा इंजेक्शनांची. कुत्रा चावला की सरकारी दवाखान्यात रोज जायचं आणि पोटात सुई घ्यायची. आमच्या शाळेतल्या मुलांना कुत्र्यापेक्षा त्या सुयांचीच भीती जास्त. ही लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो मारायचा आणि ते मिश्रण टोचायचं. तिने कितीतरी जीव वाचवले. पण हजारोंमध्ये एखाद्याला लशीनंतर अर्धांग किंवा पायांचा पक्षाघात होई. कारण रेबीज नव्हे. लशीबरोबर मेंढीच्या मेंदूतलं मायलिनही टोचलं जाई. शरीर त्या परक्या मायलिनविरुद्ध उठायचं आणि मग आपलं-परकं न पाहता स्वतःच्या मायलिनवरही धावून जायचं. हे पाहूनच १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिव्हर्स यांनी माकडांवर प्रयोग केले, आणि एम.एस.वरच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाचा पाया तिथे पडला. आपल्याकडे ही लस २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया पुरतात. बिबट्याच्या भागात राहणाऱ्या आम्हा लोकांना ही सोय फार मोलाची आहे, पण तो विषय वेगळा.

असो. तर शरीर फसू शकतं, हे सिद्ध होतं. त्याला फसवणारा विषाणू कोणता, हा प्रश्न उरला होता.

व्हॉट्सॲपवाल्या विषाणूचं नाव एपस्टाईन-बार. युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्याला होणाऱ्या एका कर्करोगाच्या गाठींत, १९६४ साली, अँथनी एपस्टाईन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना तो लंडनला सापडला. पण तो फक्त युगांडात किंवा फक्त आजाऱ्यांत नसतो. जगातल्या दहांपैकी नऊहून जास्त प्रौढ माणसांच्या अंगात तो आहे. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अंगात आहे. माझ्या तर असणारच. एकदा शिरला की जन्मभर मुक्काम. कांजिण्या येऊन गेल्यावर चाळीस वर्षांनी त्याच माणसाला नागीण उठते, ते आपण घरोघरी पाहतो. कांजिण्यांचा विषाणू नसांच्या गाठीत दडून बसलेला असतो. हा त्याच्याच भाऊबंदांपैकी, फक्त हा रक्तातल्या ‘बी’ नावाच्या पेशींत दडतो. या बी पेशी म्हणजे आपल्या सैन्यातलीच एक तुकडी, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जवळजवळ सगळ्यांतच असल्यामुळे त्याच्यावर गुन्हा शाबीत करणं अवघड होतं. गावातल्या सगळ्यांच्याच घरी विळा आहे, मग खुनी कोण? त्यासाठी ज्यांच्या अंगात तो अजून शिरलेला नाही अशी थोडी माणसं शोधून, वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं. ते हार्वर्डच्या ॲशेरिओ यांच्या गटाने केलं. अमेरिकन सैन्यात भरती झालेल्यांचं रक्त नियमित तपासतात आणि त्याचे नमुने साठवून ठेवतात. वीस वर्षांतल्या एक कोटीहून जास्त तरुणांची नोंद होती. त्यांतल्या ९५५ जणांना सेवेत असताना एम.एस. झाला. नमुने हाती होते अशा ८०१ जणांपैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात हा विषाणू नव्हता. त्या ३५ पैकी ३४ जणांना आजार सुरू होण्याआधी त्याची लागण झाली होती. एकच अपवाद. जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. ३२ पट हा आकडा तिथला. दुसऱ्या एका तशाच विषाणूचीही त्यांनी तुलना केली, त्याने धोका वाढला नाही. आणि मज्जातंतूंना इजा झाल्याची रक्तातली खूणसुद्धा एपस्टाईन-बारच्या लागणीनंतरच वर चढलेली दिसली, आधी नाही.

त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आणि आपल्या मेंदूतल्या एका प्रथिनाचा तुकडा एकमेकांसारखे दिसतात. वर्गात एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणी असाव्यात, खोडी एकीने काढावी आणि नव्या बाईंनी उभं करावं दुसरीला, तसं. सगळ्या रुग्णांत नाही, काहींत हा प्रकार सापडला.

आता ३२ पट. भाची याच आकड्याला घाबरली होती. तो आकडा ‘ज्यांच्यात विषाणू शिरला’ आणि ‘ज्यांच्यात कधीच शिरला नाही’ यांची तुलना आहे. पण कधीच शिरला नाही अशी माणसं शेकड्यात पाच-दहा. उरलेले सगळे पहिल्या गटात, आणि त्यांतल्या जवळजवळ कुणालाही एम.एस. होत नाही. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर हे कारण बहुधा लागतंच, पण ते एकटं पुरत नाही.

बाकीची कारणं कोणती? काही अंगातलीच. इथे पुन्हा डॉ. वाडियाच भेटतात. त्यांनी १९९० मध्ये दाखवलं की पारशी समाजात एम.एस.चं प्रमाण इतर भारतीयांपेक्षा स्पष्ट जास्त आहे. एकच मुंबई, तीच हवा, तेच पाणी, तोच पाऊस, पण फरक दिसतो, म्हणजे वंशाचं काहीतरी देणं त्यात आहे. शिवाय थंड प्रदेशांत हा आजार जास्त, ऊन आणि ड जीवनसत्त्व यांचा संबंध लावतात. तंबाखू ओढण्याचाही आहे. आणि वयाचा. हा विषाणू तान्हेपणी, बालपणी शिरला तर सहसा कळतही नाही. साधा ताप येतो नि जातो. पण पंधराव्या-विसाव्या वर्षी शिरला तर गळ्याला गाठी, महिना-महिना ताप, असा मोठा आजार होऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत तो बराच दिसतो. असा आजार झालेल्यांत पुढे एम.एस.चं प्रमाण जास्त आढळतं.

आपल्याकडे मात्र चिमणीच्या दातांची संस्कृती! फ्रॉकच्या टोकात धरून दाताने फोडलेली चिंच, एका आवळ्याचे चार वाटेकरी, मधल्या सुट्टीत एकाच बाटलीला सात तोंडं. आजी नातवाला मऊ भात चावून देणार. म्हणून आपल्याकडे बहुतेक मुलांना हा विषाणू लहानपणीच मिळून जातो. भावजयीला मी हेच सांगितलं. तू भरवलं नसतंस तर आत्याने, मावशीने, बालवाडीतल्या मैत्रिणीने दिला असता. आणि मिळायचाच असेल तर लवकर मिळालेला कमी त्रासाचा. तुझ्या उष्ट्यावर हे खापर फुटत नाही. ती काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली. पण जरा वेळाने म्हणाली, "मग हिच्या भावाला का नाही झालं? त्यालाबी तसंच भरवलं की मी." तिचं तिलाच उत्तर सापडलं होतं.

मुलाचा प्रश्न डॉक्टरांनीच सोडवला. एम.एस. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जेवणातून नाही, पाप्यातून नाही, एका अंथरुणात झोपून नाही. विषाणू लागतो, आजार नाही. मुलाला तो विषाणू एव्हाना कुणाकडून तरी मिळालेलाच असेल. आईला हा आजार असला की मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, हे त्यांनी लपवलं नाही, पण अशा बहुतेक मुलांना तो होत नाही. आणि जो थोडा धोका आहे तो वेगळ्या चमच्याने कमी होत नाही. आता मायलेक पुन्हा एका ताटात जेवतात. सर्दी झाली की मात्र भाची मुलाला लांब ठेवते, ते योग्यच आहे, पण उलट्या दिशेने : साध्या सर्दी-तापानंतर तिचाच आजार उचल खाऊ शकतो, म्हणून जपायचं तिला.

नातेवाइकांपैकी काहींनी अजूनही ‘लागतो का’ असं दबक्या आवाजात विचारलंय, त्यांना टोमॅटोची आठवण करून देते. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीतच, आपल्या आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात टोमॅटोवर रोग आला. फळावर पट्टे पडायचे म्हणून ‘तिरंगा’ म्हणायचे. विषाणू म्हटल्यावर टोमॅटो खाऊन माणसाला रोग होईल अशी आवई उठली. नमुने बंगळूरला बागवानी संशोधन संस्थेत गेले. काकडीवरच्या मोझॅकसारखे पिकांचे विषाणू निघाले, माणसाला ज्यांच्यापासून काही होत नाही. तोवर ज्यांचा माल उभा होता त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नारायणगावच्या बाजाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना मी जास्त सांगायला नको.

उपचारांचं म्हणाल तर बरा करणारं औषध नाही, पण आवर घालणारी आहेत. भाचीला दर सहा महिन्यांनी सलाईनमधून औषध देतात. ते औषध रक्तातल्या बी पेशी कमी करतं. हो, त्याच बी पेशी, ज्यांत तो विषाणू दडून असतो. या प्रकारची औषधं एम.एस.वर इतकी चांगली का चालतात यामागे हेही एक कारण असावं, असा तर्क आहे. विषाणूविरुद्धच्या लशींच्या माणसांवर चाचण्या झालेल्या आहेत. बाजारात लस अजून आलेली नाही. आली तरी भाचीच्या पिढीला उशीरच, तिच्या मुलाच्या मुलांना कदाचित.

आणखी एक उपयोगाचं सांगते, कारण अशा घरांतले कुणी वाचत असतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे, पुण्यातही तिची शाखा आहे. आणि ऊन सांभाळा. अंग तापलं की उघड्या पडलेल्या तारांतून संदेश आणखी हळू जातो, डोळा अंधुकतो, पाय ओढला जातो. अंग गार झालं की पुन्हा जागेवर येतं. तो नवा झटका नसतो. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याची गाळण उडते. चैत्रात भाचीचं असं झालं तेव्हा भाऊ गाडी काढायला धावला होता. ओला टॉवेल मानेवर ठेवून पंख्याखाली बसवली, अर्ध्या तासात ती उठून चहा टाकायला गेली.

पुढचं सलाईन ज्येष्ठात आहे. पहाटे पाचला मंचरहून निघायचं ठरलंय, म्हणजे चाकणच्या गर्दीत ऊन लागणार नाही. रक्ताचे रिपोर्ट भावाने आत्ताच पिशवीत घालून ठेवलेत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वहीच्या पानावर लिहून दिलेत, या खेपेला अकरा आहेत.